मनाच्या आजाराची औषधं: चिठ्ठी हातात पडल्यापासून गोळी बंद होईपर्यंत

मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, तोही आवाज खाली करून: "ह्या झोपेच्याच गोळ्या ना हो?" फोंडा तालुक्यात मी बरीच वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा आहे. प्रेशरच्या गोळीबद्दल लोक दहा गोष्टी विचारतात, मनाच्या गोळीबद्दल एवढं विचारून पिशवी उचलतात आणि आठवड्याभरात गोळी परस्पर बंद करतात. काहीतरी त्रास झालेला असतो. तो चार दिवसांत जाणारा आहे, मुक्काम ठोकणारा आहे की जिवावर बेतणारा, हे त्यांना माहीत नसतं. या लेखात मी मुख्यतः तीच वाटणी करून दाखवणार आहे. कुठली गोळी आणि किती, हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी कुठे जायचं आणि काय सांगायचं

गोव्यात "बांबोळीला नेलं" म्हटलं की लोक नजरा चोरतात. बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे मनोविकृती व मानवी वर्तणूक संस्था, हे राज्याचं मनोविकारांसाठीचं मुख्य सरकारी इस्पितळ आहे. तिथल्या ओपीडीत जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही विचारून पाहा. खासगी डॉक्टर आहेतच. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे. तो २०२२ पासून चालू आहे आणि मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामूहिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी इस्पितळांत मोफत मिळायला हवीत. ती मागायला लाजू नका.

कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारियाने पॅरिसला जाऊन सांगितलं होतं की संमोहनात दैवी असं काही नाही, जे घडतं ते त्या माणसाच्याच मनात घडतं. त्याच्या पुतळ्यासमोरून पणजीत रोज हजारो माणसं जातात, आणि आजार दिसला की आपण अजून पहिली फेरी घाड्याकडे, म्हणजे गावच्या देवऋषीकडे, मारतो. देवाला गाऱ्हाणं घालायला माझी हरकत नाही. पण डॉक्टरची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

डॉक्टरसमोर बसण्याआधी घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या. सांधेदुखीच्या गोळ्या, वैद्याचं चूर्ण, गर्भनिरोधक गोळ्या, खोकल्याचं औषध, सगळं. काचबिंदू, प्रोस्टेट, फिट, थायरॉइड, हृदयाचा त्रास असेल तर न विचारता सांगा. मूल हवं असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर तेही. दारू किती, हे खरं सांगा. आणि एक गोष्ट जी कुणीच सांगत नाही: आयुष्यात कधी झोपेशिवाय चार-पाच दिवस प्रचंड उत्साहात गेले होते का, वारेमाप पैसे उडवले होते का, घरात कुणाला तसं झालं होतं का. कारण ते बायपोलर, म्हणजे उदासी आणि उन्माद आलटून-पालटून येणारा आजार, असेल तर नुसत्या उदासीच्या गोळीने माणूस दुसऱ्या टोकाला उडू शकतो.

कामाची वेळही सांगा. कॅसिनोत किंवा हॉटेलात रात्रपाळी करणारा माणूस पहाटे सहाला झोपतो. त्याच्या चिठ्ठीवर "रात्री" लिहिलेलं असतं आणि तो बिचारा रात्री नऊला गोळी घेऊन कामावर पेंगतो.

चिठ्ठी आणि पट्टी वाचायची कशी

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. क्लोनाझेपाम ०.२५, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅममध्ये येतं, तेव्हा दशांश चिन्ह नीट पाहा. नावापुढे एसआर, ईआर किंवा सीआर असेल तर ती सावकाश विरघळणारी गोळी आहे. ती कुटायची किंवा चावायची नाही आणि विचारल्याशिवाय मोडायची नाही.

आता जरा थांबून वाचा. आपल्याकडे उदासीवरचं एस्सिटालोप्राम आणि घबराटीवरचं क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकलं जातं. नाव साध्या गोळीसारखंच, फक्त शेवटी "प्लस" किंवा तसलं काहीतरी जोडलेलं. घेणाऱ्याला वाटतं आपण उदासीची एकच गोळी घेतोय. प्रत्यक्षात सवय लागणारं दुसरं औषधही रोज पोटात जात असतं. वर्षभराने ती गोळी एकदम सोडली की झोप उडते, हात कापतात, जीव घाबरा होतो, आणि घरचे म्हणतात आजार परतला. म्हणून पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा. वाचता येत नसतील तर दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावा. ते त्याचं कामच आहे.

कुठलं औषध कशासाठी

उदासीनता, चिंता, अचानक येणारे भीतीचे झटके, पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखे मंत्रचळ, या सगळ्यांवर आज पहिल्यांदा दिली जातात ती एसएसआरआय गटातली औषधं: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन. यांची सवय दारूसारखी लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम सहा-आठ आठवड्यांनी कळतो. मंत्रचळात त्याहून जास्त वेळ लागतो, डोसही बहुधा मोठा. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन त्यांचे चुलत भाऊ. मिर्टाझापिन झोप आणि भूक आणतं, त्यामुळे वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाला बरं पडतं. अॅमिट्रिप्टिलिन जुनं औषध आहे. डोकेदुखी किंवा नसांच्या दुखण्यावर ते १० मिलिग्रॅमसारख्या छोट्या डोसात देतात, तेव्हा चिठ्ठीत ते दिसलं म्हणून डॉक्टरने आपल्याला वेडा ठरवलं असं समजून भांडायला जाऊ नका.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही घबराट आणि झोपेवर लगेच गुण देणारी, आणि म्हणूनच अवघड. पहिल्या दोन-चार आठवड्यांचा आधार म्हणून उत्तम. त्यापुढे मात्र शरीर त्यांना धरून बसतं. शेजारणीला लागू पडली म्हणून मागायला येणारे रोज भेटतात. चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही यात आमचा आखडूपणा नाही, तो कायदा आहे.

भास, संशय, तुटलेलं बोलणं, तीव्र उन्माद यांसाठी रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अॅरिपिप्राझोल, जुन्यांपैकी हॅलोपेरिडॉल. रोज गोळी घ्यायला तयार नसलेल्यांसाठी काही आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात. दोन औषधांनी गुण आला नाही तर क्लोझापिन. ते फार प्रभावी आहे, पण पांढऱ्या पेशी घटवू शकतं, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं आणि पुढेही ठरलेल्या अंतराने. बायपोलरसाठी लिथियम, व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन. लिथियमबद्दल पुढे वेगळं लिहितो, आपल्या हवेत ते गरजेचं आहे.

पहिले पंधरा दिवस: येऊन जाणारे त्रास

एसएसआरआय सुरू झाल्यावर मळमळ, पातळ शौच, डोकं दुखणं, उगीच अस्वस्थ वाटणं, झोप कमी किंवा जास्त होणं हे पहिल्या आठवड्यात अगदी नेहमीचं. बहुतेकांना दोन आठवड्यांत उतरतं. गोळी पोटभर पेजेनंतर किंवा जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. गोळीने झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री, असा बदल डॉक्टरला विचारून करता येतो. गंमत अशी की त्रास आधी येतो आणि गुण नंतर. नेमकं याच मधल्या दिवसांत लोक पळून जातात.

या दिवसांत घरच्यांनी एक डोळा उघडा ठेवायचा. विशेषतः पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींत सुरुवातीला किंवा डोस बदलताना मरणाचे विचार वाढू शकतात. येरझारा, चिडचिड, निरोप घेतल्यासारखं बोलणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि महिन्याचा सगळा साठा एकदम घरात ठेवू नका. मी अशा घरांना आठवड्याची गोळी आठवड्याला नेऊ देतो, कपाटाची किल्ली घरच्या दुसऱ्या माणसाकडे ठेवायला सांगतो. वयस्करांमध्ये वेगळा धोका आहे: पहिल्या काही आठवड्यांत रक्तातलं सोडियम उतरून आजोबा अचानक गोंधळल्यासारखे वागतात, तोल जातो. वय झालं म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा.

भासांवरच्या औषधांचा एक त्रास असा आहे की बघणाऱ्याची बोबडी वळते. सत्तरी तालुक्यातल्या एका आईने सांगितलेलं लिहितो. मुलाला हॅलोपेरिडॉल सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते. संध्याकाळी त्याची मान एका खांद्याकडे वळली आणि तिथेच अडकली, जबडा आवळला, डोळे वर चढले. मुलगा पूर्ण शुद्धीत, सगळं ऐकत होता, पण जीभ वळत नव्हती. घरात नारळ ठेवून झाला, रात्र तशीच गेली. सकाळी आरोग्य केंद्रात एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. याला डिस्टोनिया म्हणतात. तरुण मुलग्यांत, पहिल्या काही दिवसांत जास्त दिसतो. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिलसारखं औषध दिलं की उतरतो. रात्रभर थांबायचं कारण नाही, श्वास घ्यायला किंवा गिळायला अडचण वाटली तर मुळीच नाही. आणि नंतर औषध बंद न करता डॉक्टरला सांगायचं, ते डोस बदलतात किंवा दुसरं औषध देतात.

मुक्काम करणारे त्रास

हे आपणहून जात नाहीत, त्यांच्याशी तडजोड करावी लागते. ओलान्झापिन आणि क्लोझापिन वजन आणि साखर वाढवतात, क्वेटियापिनही थोडं. सुरुवातीलाच वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि चरबी मोजून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. भूक खरीच वाढते, ती लोभ नव्हे. म्हणून घरात "किती खातोस" म्हणण्यापेक्षा पोदेराकडून घेतलेले पाव आणि ताटातला भात मोजून वाढा.

रिस्पेरिडोनने पाळी थांबू शकते, छातीतून दूध येऊ शकतं. बायका हे कुणाला सांगत नाहीत, घरात भलतीच शंका येते. एसएसआरआयमुळे लैंगिक इच्छा कमी होणं, वेळ लागणं हेही खूप जणांना होतं, आणि नवरे गोळी गुपचूप सोडतात ती बहुधा याच कारणाने. डॉक्टरसाठी हा रोजचा विषय आहे. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पायांत सतत चुळबुळ, एका जागी बसवतच नाही, असं झालं तर तो अॅकाथिसिया, त्यावरही उपाय आहे. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्याचे ओठ किंवा जीभ आपोआप हलू लागली तर लगेच दाखवा, उशीर झाला तर ते कायमचं राहू शकतं. क्लोझापिनचं बद्धकोष्ठ हलक्यात घेऊ नका, आतडं बंद पडण्यापर्यंत जाऊ शकतं. विडी-सिगारेट ओढणारा क्लोझापिन किंवा ओलान्झापिनवर असताना एकदम सोडणार असेल तर आधी सांगा. धूर बंद झाला की त्याच डोसात रक्तातलं औषध वाढतं.

धावत जायचे त्रास

अंगावर पुरळ, त्यात तोंडात फोड किंवा ताप: कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिनमध्ये हे फार गंभीर ठरू शकतं, पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टर. खूप ताप, लाकडासारखं ताठरलेलं अंग, भ्रम: भासांवरचं औषध चालू असताना हे दिसलं तर १०८. क्लोझापिनवर असताना घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त. एसएसआरआयसोबत दुखण्यासाठी ट्रामाडॉल किंवा खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेतलं आणि थरथर, घाम, जुलाब, गोंधळ सुरू झाला तर इस्पितळ. काळी शौच झाली तरी तसंच. या गोळ्यांबरोबर अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लिथियम आणि आपला उन्हाळा

ऑस्ट्रेलियाच्या जॉन केडने १९४९ साली उन्मादावर लिथियम वापरून दाखवलं, आणि इतक्या वर्षांनी अजूनही ते बायपोलरमधलं सगळ्यात भरवशाचं औषध आहे. आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणूनही त्याचं नाव आहे. पण उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं. रक्तात साधारण ०.६ ते १.० ठेवायची असते, १.५ च्या वर धोका. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. ही एक गोष्ट चुकली की अहवाल निरुपयोगी. मूत्रपिंड आणि थायरॉइड सहा महिन्यांनी.

शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. एप्रिल-मे महिन्यांत काजूच्या बागायतीत दिवसभर घामाघूम होणारा माणूस, शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेआधी व्रत पाळणारा धोंड, म्हणजे देवीचा भक्त, चवथीत बाहेरचं खाऊन जुलाब लागलेला पोरगा, तिघांचं एकच: पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकं, आणि उलटी-जुलाब असतील तर लिथियमचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरला फोन. प्रेशर आहे म्हणून कुणी मीठ एकदम तोडायला सांगितलं, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी गोळी नव्याने दिली, तर आपण लिथियमवर आहोत हे सांगा. कंबर दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. बारीक थरथर नेहमीची असू शकते. पण कप धरता येत नाही अशी थरथर, जड जीभ, झोकांड्या, उलट्या दिसल्या तर ती विषबाधा समजून थेट गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, गाठा.

दारू

हुर्राकचा, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचा, हंगाम आला की हा प्रश्न हमखास. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामवर असाल तर एक पेलाही नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतात. बाकी औषधांवरही झोप, तोल, निर्णय बिघडतो, आणि आपल्याकडे परतीचा रस्ता बहुधा दुचाकीवरून असतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सोडायचीही नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, गोळ्या आणि थायमिन देऊन करतात.

दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामबद्दल कडक बोलतो. नवऱ्याच्या आमटीत गुपचूप घालण्यासाठी ही गोळी मागायला बायका येतात. त्यांची वेदना खरी आहे. पण ही गोळी पोटात असताना फेणी गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, प्रेशर कोसळतं आणि माणूस दगावूही शकतो. औषध थांबवल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. पिणाऱ्याला माहीत असून, त्याने होकार दिला असेल तरच ती द्यायची. निनावी "दारू सोडवण्याची पावडर" तर घरातच आणू नका. होकार नसेल तरी बाईने एकटीने डॉक्टरकडे यावं, घरच्यांशी कसं वागायचं याचाही सल्ला मिळतो.

दिवस गेले तर

व्हॅल्प्रोएटने गर्भाच्या मेंदूला आणि कण्याला इजा होऊ शकते, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयात ते शक्यतो देत नाहीत. कार्बामाझेपिन गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटवतं. पण दिवस गेल्याचं कळताच सगळी औषधं फेकून देणं हेही तितकंच वाईट, आजार उलटला तर आई आणि बाळ दोघांना त्रास. त्याच आठवड्यात डॉक्टरला भेटा. अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यांतलं एक.

रोजची व्यवस्था

गोळी विसरली आणि काही तासांतच आठवली तर घ्या. पुढच्या डोसाची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम कधीच नको. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त चुकलं तर जुन्याच डोसावर परत सुरू करू नका, ते पुन्हा थोड्यापासून चढवावं लागतं.

पावसाळ्यात एक काळजी. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा शोषून घेतं. आठवड्याच्या डब्यात काढून ठेवलेल्या गोळ्या जुलैमध्ये चिकट, मऊ होतात. ती गोळी घेण्याच्या क्षणीच पट्टीतून काढा.

जहाजावर किंवा आखातात जाणाऱ्यांनी चिठ्ठी, डॉक्टरचं पत्र आणि मूळ पट्ट्या जवळ ठेवाव्यात. संयुक्त अरब अमिरातीत अशा काही औषधांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते, ती विमानतळावर पोहोचण्याआधीची गोष्ट आहे.

बंद करताना

बरं वाटू लागलं हा औषध लागू पडल्याचा पुरावा आहे, बंद करण्याचा नव्हे. उदासीनता पहिल्यांदाच आली असेल तर पूर्ण बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने तरी गोळी चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा आली असेल तर वर्षं. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियात मुदत आणखी लांब, कधी कायमची.

थांबवायचं ठरलं की पायरीपायरीने उतरायचं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके येतात. फ्लुऑक्सेटिन सावकाश उतरतं म्हणून त्रास कमी. महिनोन्महिने घेतलेलं अल्प्राझोलाम एका झटक्यात सोडलं तर फिटही येऊ शकते, तिथे कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. चवथीला, लग्नसराईत किंवा मुलाच्या बारावीच्या परीक्षेत ही उतरण सुरू करू नका, शांत महिना निवडा. प्रत्येक डोस कमी केल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तारखेपासून दोन-चार दिवसांत सुरू झालेले झटके, चक्कर हे बहुधा औषध सुटण्याचे, आधीच्या पायरीवर परत गेलं की थांबतात. काही आठवड्यांनी हळूहळू झोप बिघडली, जेवण उतरलं, माणूस बोलेनासा झाला, तर तो आजार परत येतोय. तेव्हा ते कॅलेंडरच डॉक्टरला दाखवा.